तळघरातल्या फर्स्ट टेनरकडून

प्रिय काका,

समोरासमोर मी तुम्हाला कायम 'सर' म्हटलं. तुम्हीही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. 'यंग लेडी' म्हणत राहिलात, माझे केस पिकायला लागले तरी. पण मराठीत लिहायला बसले आणि 'सर'पुढे पेन सरकेना. आमच्याकडे सर म्हटलं की फळ्यापाशी उभे असलेले गणिताचे मास्तर डोळ्यांपुढे येतात. म्हणून काका.

मागच्या रविवारी फोनवर मी आभारांचं काढलं, तेव्हा नेहमीसारखं मधेच तोडलंत. "माझे कसले आभार? त्या पोरांची नावं चार लोकांना सांग." बरं, सांगते. तुमच्या तरुणपणी अमेरिकेत रस्त्यांच्या कोपऱ्यांवर ग्रुप करून चार-पाच आवाजांत गाणाऱ्या, बहुतेक काळ्या पोरांची नावं. माझे चार लोक मराठी आहेत. त्यांना ओरिओल्स या ग्रुपचं नाव सांगितलं तर फार तर आपला हळद्या पक्षी आठवेल. तेव्हा जरा मागून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात तुमचे आभार येणारच. त्याला माझा इलाज नाही.

2009 चा जानेवारी. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळची आपली ती इमारत. नवरा सकाळी सातला न्यूयॉर्कची गाडी पकडायचा आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. आठवड्यात ठरलेली गोष्ट एकच, मंगळवारचं धुणं. तळघरात क्वार्टरची नाणी मोजत बसले होते आणि पलीकडच्या मशीनपाशी तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात. गाणं म्हणावं असं ते नव्हतं. एकच सूर, मग जरासा खाली, पुन्हा तोच, मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम एक लांबलचक 'ऊऊ'. मला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी होतंय. घाबरत विचारलं, बरं वाटतंय ना? तुम्ही इतके हसलात की हातातले मोजे खाली पडले. म्हणालात, "मी बॅरिटोन आहे. बाकीचे चौघं आज आलेले नाहीत."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

मी सांगलीत वाढले. भजन ऐकलं, नाट्यसंगीत ऐकलं, शाळेत समूहगीतं म्हटली. पन्नास जण गायला बसले तरी चाल एकच, सूर एकच. जो सुटेल तो बेसूर. माझा आवाज जाड. मुलींनी काळी चारमध्ये गायचं असा रिवाज आणि मला काळी दोनच्या वर घुसमटायला व्हायचं. समूहगीताच्या स्पर्धेआधी बाई म्हणाल्या, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. मी हलवले. तीन वर्षं हलवले. हे मी तुम्हाला त्या तळघरात, ड्रायर फिरत असताना, का सांगितलं माहीत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "खालचा आवाज आहे? मग पुढच्या मंगळवारी ये."

आणि पुढच्या मंगळवारी कॅसेट प्लेअर घेऊन आलात. रविवारी रात्री रेडिओवर लागणारा डॉन के. रीडचा जुन्या ग्रुपांचा कार्यक्रम तुम्ही वर्षानुवर्षं टेप करून ठेवला होता. पहिलं गाणं लावलंत ते ओरिओल्सचं, 'इट्स टू सून टु नो', 1948 चं. मला ते फार संथ वाटलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही परत लावलंत. मग परत. चौथ्या खेपेला म्हणालात, सनी टिल गातोय त्याच्याकडे लक्ष देऊ नको, तो त्याचं बघून घेईल. त्याच्या डोक्यावरून एक बारीक आवाज धुरासारखा चाललाय, तो ऐक. तो अलेक्झांडर शार्प. खाली जॉर्ज नेल्सन. तळाला जॉनी रीड. गिटार टॉमी गेथरची. नावं म्हण.

मी म्हटली. लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हणायचो तशी. सनी टिल, अलेक्झांडर शार्प, जॉर्ज नेल्सन, जॉनी रीड, टॉमी गेथर. 'तो गाणारा आणि त्याचे साथीदार' असं कोणी म्हटलं की तुमच्या कपाळावर आठ्या चढायच्या. हे पाचही बाल्टिमोरचे. मेरीलँडचा राज्यपक्षी ओरिओल, म्हणून ते नाव. गाणं लिहिलं होतं दुकानात काम करणाऱ्या डेबोरा चेसलर नावाच्या तरुण ज्यू मुलीने, आणि पुढे त्यांची व्यवस्थापकही तीच झाली. 1948 साली काळ्या पोरांच्या ग्रुपची व्यवस्था एक गोरी मुलगी बघते, याचा अर्थ काय होता ते तुम्ही मला समजावलं नाहीत. फक्त म्हणालात, "विचार करून बघ." काळ्यांच्या संगीताची खपाची वेगळी यादी असायची, जिला पुढे रिदम अँड ब्लूज म्हणू लागले, तिच्यात हे गाणं पहिलं आलं. दोन वर्षांनी टॉमी गेथर मोटार अपघातात गेला. हे सांगताना दर वेळी तुम्ही टेप थांबवायचात.

आता माझ्या चार लोकांसाठी थोडं कारागिरीचं. पाच आवाज असतात. पुढे लीड, वर फर्स्ट टेनर, मग सेकंड टेनर, मग बॅरिटोन आणि खर्जात बास. सगळे एक सूर धरत नाहीत. एक जण सा धरतो, त्याच क्षणी दुसरा ग, तिसरा प, आणि त्या तिघांच्या गुंफणीवर लीड आपली चाल घेऊन फिरतो. बास बहुतेक वेळा सा वरून खालच्या धैवतावर, तिथून खालच्या मध्यमावर, मग पंचमावर येतो आणि परत घरी. शेकडो गाण्यांचा पाया हा एवढाच. पोरांकडे वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून डबल बासचं काम तोंडाने, सॅक्सोफोनचं काम तोंडाने. तेच ते 'डूम डूम', 'शा ना ना', 'डू वॉप'. लोक याला निरर्थक बडबड म्हणतात. मी तुम्हाला तेव्हा तराणा म्हणून दाखवला होता, आठवतं? 'तोम् तनननन, दिर दिर दानी.' तुम्ही टॉवेलची घडी अर्धी सोडून विचारलंत, "हे कुठल्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं?" मी म्हटलं, आमच्याकडे हे पंडित लोक सतरंजीवर बसून गातात, आणि कोणी त्याला बडबड म्हणत नाही. ती गोष्ट तुम्ही नंतर तुमच्या दोस्तांना निदान पाच वेळा सांगितलीत.

'डू-वॉप' हा शब्दच तुम्हाला खपत नसे. आम्ही गात होतो तेव्हा या नावाने कोणी ओळखत नव्हतं, म्हणायचात, ते नाव मागून चिकटलं. आम्ही ग्रुप हार्मनी म्हणायचो. पलीकडे क्लिफ्टनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या रॉनी इटालियानोने 1976 मध्ये संस्था काढली तेव्हा तिच्या नावातही ग्रुप हार्मनीच ठेवलं, हे तुम्ही पुराव्यासारखं पुढे करायचात. काका, वरच्या परिच्छेदात मी तो शब्द एकदा वापरलाय. माफ करा. नाहीतर माझ्या लोकांना शोधायचं म्हटलं तर काहीच सापडणार नाही.

पाठांतरातली सगळी नावं इथे मावणार नाहीत. पण 'शा-बूम'ची गोष्ट तुम्ही सांगायचात तशीच सांगते. ब्राँक्समधला कॉर्ड्स नावाचा ग्रुप, 1954. कंपनीने रेकॉर्डच्या मुख्य बाजूला पॅटी पेजचं तेव्हा गाजत असलेलं एक गाणं त्यांच्याकडून गाऊन घेतलं आणि त्यांचं स्वतःचं 'शा-बूम' मागच्या बाजूला ढकललं. लोकांनी रेकॉर्ड उलटून मागची बाजू डोक्यावर घेतली. तेवढ्यात क्रू कट्स नावाच्या कॅनडातल्या गोऱ्या पोरांनी तेच गाणं जरा इस्त्री करून गायलं, ते देशभरात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहिलं. त्यात कॉर्ड्स नावाचा दुसरा एक ग्रुप आधीपासून असल्याचं निघालं आणि यांना नावही बदलावं लागलं. पुढच्या वर्षी मूनग्लोज या ग्रुपच्या 'सिन्सिअरली'चं तेच झालं. त्यांच्या गाण्याने देशभरातला पहिला क्रमांक मिळाला गोऱ्या मग्वायर सिस्टर्सना. तुम्ही हे चिडून सांगत नव्हता. मी चिडले तर म्हणायचात, "वाईट गायले नाहीत ते. फक्त त्यांना ते गाणं लागत नव्हतं आणि आम्हाला लागत होतं." हे वाक्य मला अजून पूर्ण कळलेलं नाही.

त्यापेक्षा मला जिमी मर्चंट आणि हर्मन सँटियागो यांची गोष्ट जास्त लागते. 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' म्हटलं की सगळ्यांना फ्रँकी लायमन आठवतो, तेरा वर्षांचं पोर, आणि पंचविसाव्या वर्षी गेलेलं. पण त्याच्या टीनएजर्स या ग्रुपमधल्या या दोघांचं म्हणणं होतं की गाणं आम्ही रचलं. 1992 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. 1996 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. गाणं त्यांनी रचलं नाही म्हणून नव्हे. तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावायला हवा होता, तो उशिरा लावला म्हणून. आमच्याकडे सातबाऱ्यावरून भांडणाऱ्यांना हे लगेच समजेल.

आणि फ्रेड पॅरिस! त्याचं 'इन द स्टिल ऑफ द नाइट' त्याच्या फाइव्ह सॅटिन्स या ग्रुपने 1956 मध्ये न्यू हेवनमधल्या चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित केलं. गाणं गाजलं तेव्हा हा लष्कराच्या नोकरीत जपानमध्ये. त्या तळघराचं तुम्हाला भारी कौतुक. आपल्या लाँड्री रूमच्या भिंतीवर थाप मारून सांगायचात, बघ, सिमेंट आणि फरशी, याच्यापेक्षा चांगला स्टुडिओ नाही. जिने, शाळेतली संडासं, सबवेचे फलाट, जिथे आवाज परत येतो तिथे पोरं गायची. खरंच आहे ते. फक्त ड्रायर बंद असायला हवेत.

माझी खरी परीक्षा मे महिन्यात झाली. तुमचे तीन दोस्त रविवारी यायचे, सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि फर्स्ट टेनर गाणारे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते. तुम्ही मला उभं केलंत. बायकांमध्ये मागच्या रांगेतला माझा आवाज पुरुषांमध्ये सगळ्यांत वरचा निघाला, याचं मला इतकं हसू आलं की पहिला प्रयत्न त्यातच गेला. दुसऱ्या प्रयत्नात मी घसरले. तिसऱ्यातही. लीडने चाल उचलली की माझा सूर आपोआप त्याच्या मागे धावायचा. चाळीस वर्षांची सवय, दिंडीत सगळे जातात तिकडेच जायचं. तुम्ही रागावला नाहीत. माझं बोट माझ्याच कानात घालायला लावलंत आणि म्हणालात, "त्याच्यासोबत जाऊ नको. तू थांब. तू थांबलीस की तो कुठे गेला ते लोकांना कळेल."

सहाव्या खेपेला मी थांबले. तो एक सूर मी धरला, खालून तुमचा आला, त्याच्या खालून बासचा, आणि छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी गुंजायला लागलं जे आमच्यापैकी कुणा एकाचं नव्हतं. तंबोरे नेमके जुळले की जे ऐकू येतं, ते. आठ-दहा सेकंद असेल. मग वरच्या मजल्यावरची बाई कपड्यांची टोपली घेऊन आली आणि आम्ही गप्प झालो.

त्याच्या पुढच्या मंगळवारी तुम्ही माझ्यासाठी एक 45 ची, म्हणजे छोटी, रेकॉर्ड आणलीत, शँटेल्सचं 'मेबी'. ब्राँक्समधल्या कॅथलिक शाळेतल्या पाच मुली, चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना गाऊन तयार झालेल्या. पुढे आर्लिन स्मिथ. तिचा आवाज ऐकून मी दहा मिनिटं बोलले नाही. कव्हरवर तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ओठ नुसते हलवायचे नाहीत'.

ते गृहस्थ जूनमध्ये परत आले आणि मी पुन्हा श्रोत्यांत गेले, म्हणजे ड्रायरवर. मला वाईट वाटलं नाही. खरं तर थोडं वाटलं. पण पुढची चार वर्षं कोणी ना कोणी आजारी पडत राहिलं, आणि तुमच्या वयाच्या लोकांच्या आजारपणावर मी खूश व्हायची, हेही आता कबूल करून टाकते.

तुम्ही साउथ कॅरोलिनाला लेकीकडे गेलात त्याला बरीच वर्षं झाली. फोनवर गायचा प्रयत्न आपण करून पाहिला, जमत नाही. आवाज पोचायला तो अर्धा क्षण लागतो आणि तेवढ्यात सगळं फिसकटतं. म्हणून पाळीपाळीने गातो. मी अलेक्झांडर शार्पचा भाग, मग तुम्ही जॉर्ज नेल्सनचा, आणि मधली चाल दोघांनी आपापल्या डोक्यात ऐकायची. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं अर्धंअर्धं गाणं गाता आणि पूर्ण गायल्यासारखे खूश होता.

एक राहिलं. इतक्या वर्षांत तुम्ही मला बाल्टिमोरची, शिकागोची, लॉस एंजेलिसची नावं पाठ करायला लावलीत. तुमच्या स्वतःच्या ग्रुपबद्दल मात्र मला एवढंच माहीत आहे की नेवार्कमधली पाच पोरं होतात, ब्रॉडवेवरच्या एका कंपनीत एकदा गाऊन दाखवलंत, पुढच्या महिन्यात या म्हणाले, आणि त्या महिन्यात लीडला सैन्यातून बोलावणं आलं. रेकॉर्ड निघाली नाही. नाव विचारलं की तुम्ही ड्रायरचं दार उघडून कपडे वाळलेत का ते चाचपत बसायचात.

या रविवारी फोन करेन तेव्हा कागद-पेन घेऊन बसणार आहे. ग्रुपचं नाव आणि पाचही जणांची पूर्ण नावं, कोण कुठल्या आवाजात होता त्यासकट. तिथे ड्रायर जवळ असेल तर आधीच बंद करून ठेवा.

तुमची,
तात्पुरती फर्स्ट टेनर