‘काट्यावर काहीतरी ठेवा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण आमचा काट्याचा बंद पडलेला प्रोग्राम तुम्ही चालू करून दिलात, त्याला फोनवर ‘थँक्यू’ म्हणून माझं भागलं नाही.

आमच्या आर्वी तालुक्यात दसरा झाला की कापसाची वेचणी लागते. गटाच्या बायांचा हिशोब आम्ही चार वर्षं त्या छोट्या ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, प्रोग्रामवर ठेवला. संध्याकाळी गाठोडं काट्यावर पडलं की आकडा सरळ लॅपटॉपमध्ये आणि चिठ्ठी बाईच्या हातात. वहीच्या काळात रोजची कटकट असायची, ‘काल माहे बावीस किलो होते, अठरा काहून लिवले?’ वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, किलोवर; चार किलो गेले की त्या बाईचे 40 रुपये गेले. चिठ्ठी आली आणि ही कटकट मिटली.

यंदा पावसाळ्यात जुना लॅपटॉप मेला. त्यावर पायथन 3.6 होतं, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालतो ती भाषा. नव्यावर उबुंटू 24.04 ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, त्यात पायथन 3.12 आलं, आणि प्रोग्राम बिल्डच होईना, म्हणजे चालण्याजोगा तयारच होईना. आधी म्हणे ‘डिस्टयुटिल्स’ हे बिल्डला लागणारं पायथनचं साधन सापडत नाही. तेवढं कसंबसं निस्तरलं तर ‘लाँगइंटरेप्र’ नावाची हेडर फाइल सापडत नाही.

तालुक्याच्या एका दुकानदारानं 1500 रुपये घेऊन दोनदा फॉरमॅट मारला. दोन्ही वेळा तीच एरर, पैसे मात्र परत नाहीत. शहरातल्या एका इंजिनिअरनं फोनवर ‘आमच्याकडे तर चालतं’ एवढं सांगितलं आणि नंतर फोनच उचलला नाही. तिसऱ्यानं दुसरं सॉफ्टवेअर दाखवलं, दरसाल पैसे आणि चोवीस तास नेट. आमच्या शेतात नेट धुऱ्यावर उभं राहिलं तर येतं, तेही एका पायावर. हे सगळे शिकलेले लोक बरं का.

तुम्ही पहिल्यांदा एरर पूर्ण मागितली, खालची एक ओळ नाही, वरपासून सगळी. तेव्हाच वाटलं, ही बाई वेगळी आहे. मी म्हटलं, जुनं 3.6 च टाकून देऊ का? तुम्ही रागावला नाहीत. त्याची देखभाल डिसेंबर 2021 मध्येच थांबली आहे, हा हंगाम निघेल पण पुढच्या दसऱ्याला पुन्हा हेच रडगाणं, म्हणालात. ‘डिस्टयुटिल्स’ जाणार हे 3.10 पासून सांगून ठेवलं होतं आणि 3.12 मध्ये ते खरंच काढलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. हेडर फाइलचं तर तुम्ही असं सांगितलं की माझ्या आईलाही समजलं. फाइल हरवली नाही, 3.11 मध्ये तिची जागा बदलली. प्रोग्रामसोबत आलेली सी फाइल जुन्या सायथननं, म्हणजे मूळ कोडचं सी भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनानं, बनवलेली; ती हेडरला जुन्याच जागी शोधते. ‘ती सी फाइल म्हणजे शिळं पीठ आहे. गहू, म्हणजे मूळ कोड, तुमच्याकडेच आहेत, नव्या चक्कीवर, नव्या सायथनवर दळा.’ आई चुलीजवळून म्हणाली, ‘बरोबर सांगते पोरगी.’

दळलं. रात्री साडेअकराला बिल्ड झालं, एकही एरर नाही. मी तुम्हाला ‘झालं!!’ असं लिहून पाठवलं आणि लॅपटॉप मिटायला घेतला. दुसरं कोणी असतं तर अंगठा पाठवून झोपलं असतं. तुमचा मेसेज आला, ‘काट्यावर काहीतरी ठेवा. किती दाखवतो ते बघूनच मी झोपते.’

काटा ओसरीवर होता. वायर लावली आणि लाइन गेली. नव्या लॅपटॉपची बॅटरी ठीक होती, पण काटा विजेवरचा. ‘लाइट येईस्तोवर थांबू नका,’ मी लिहिलं. तुम्ही म्हणालात, ‘मला सकाळी काम नाही.’ ते खोटं होतं, हे मला नंतर कळलं. पाऊण तास तुम्ही तिकडं बसून होता आणि मी इथं अंधारात डास मारत. मधेच तुम्ही विचारलं, यंदा बोंडअळी कशी आहे? खरं सांगतो, हंगामात त्या काट्याशी संबंध नसलेल्या एकाही माणसानं मला हे विचारलं नव्हतं.

सव्वाबाराला लाइन आली. हाताशी ना कापूस, ना वजनमाप. भाचा लघवीला उठला होता, डोळे चोळत. त्यालाच उचलून काट्यावर बसवलं. स्क्रीनवर आकडा थरथरला आणि थांबला, 16.4. चिठ्ठीही निघाली, देवनागरीत. तुम्हाला फोटो पाठवला तर तुमचं उत्तर, ‘दहा रुपयांनी 164 होतात. पोराची वेचाई बुडवू नका.’ मग झोपलात.

आमच्याकडे बंडी गाऱ्यात रुतली की रस्त्यानं जाणारा चपला काढून चाकाला खांदा द्यायचा, बंडी निघाली की पाय धुऊन आपल्या वाटेनं जायचा. नावही विचारायची सोय नसायची. आता तसा माणूस दिसला की आधी शंका येते, याला काय हवंय? तुम्हाला काही नको होतं. उलट तुम्ही केलेला बदल मूळ प्रोग्रामवाल्यांकडे पाठवलात आणि खाली लिहिलंत, ‘वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या काट्यावर तपासलं.’ ती ओळ मी बायांना वाचून दाखवली.

पत्ता द्या, वर्ध्याचा गोरसपाक पाठवायचा आहे. नाही म्हणू नका. आणि इकडं एक उधारी अजून फिटलेली नाही. भाचा रोज संध्याकाळी काट्याजवळ येऊन उभा राहतो, ‘मामा, माही वेचाई कधी देतं?’