स्टिअरिंग बदलल्यानंतरचे दिवे विझवून देणाऱ्यांचे आभार

स्टिअरिंग व्हील बदलल्यावर गाडीच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा आणि स्थिरता नियंत्रणाचा (गाडी घसरू नये म्हणून सावरणाऱ्या यंत्रणेचा) असे दोन्ही दिवे पेटून राहिले होते. त्या वेळी ज्या अनोळखी जाणकारांनी आपला वेळ खर्च करून मला मार्ग दाखवला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

दोन्ही दिव्यांची कारणे वेगवेगळी असू शकतात, हे त्यांनी आधी स्पष्ट केले. इंजिनचे कोड (बिघाडाच्या सांकेतिक नोंदी) वाचणारा साधा स्कॅनर बहुधा एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकापर्यंत, पोहोचतच नाही, त्यामुळे तो ‘दोष नाही’ म्हणाला तरी त्यावर विसंबू नये, हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय एअरबॅगच्या तारांच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका आणि एअरबॅगला मल्टिमीटर (विजेची मोजमापे घेणारे उपकरण) कधीही जोडू नका, असे एकाने निक्षून बजावले. अशी काळजी परक्यासाठी कोण घेतो? क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगमधील एअरबॅगला तारेने जोडून ठेवणारी गुंडाळी, उघडली, तेव्हा तिच्यातील चपटी पट्टी घडीवरच तुटलेली दिसली. मूळ दोष तसाच ठेवून कोड कितीही वेळा पुसला तरी दिवा परत का पेटतो, याचा उलगडा तिथेच झाला.

नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर आणून बसवल्यावर एअरबॅगचा कोड पुसला गेला. दुसऱ्या दिव्यासाठी चाके सरळ ठेवून स्टिअरिंग किती वळले हे मोजणाऱ्या स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने नोंदवावा लागला. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले की हे काम आपोआप होते. माझ्या गाडीला मात्र स्कॅनरच लागला, आणि त्यातील नेमका पर्यायही याच मंडळींनी शोधून दिला.