दुःख घेऊन निघा, पण बूट मापाचे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन लेखिका शेरिल स्ट्रेड यांच्या ‘वाइल्ड’ या आठवणींच्या पुस्तकावरचा लेख वाचला. चालून चालून मन सावरलं, हे त्यात छान आलं आहे. पण त्या नेमक्या कशा चालल्या, हे राहून गेलं. लेख वाचून कुणी पाठीवर बॅग टाकून निघणार असेल, तर त्याला तेच आधी कळायला हवं.

शेरिल यांची आई ४५व्या वर्षी, निदानानंतर सातच आठवड्यांत कर्करोगाने गेली. मग संसार मोडला, हेरॉइनची नशाही करून झाली. १९९५ मध्ये २६ वर्षांच्या शेरिल अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या डोंगरी पायवाटेवर एकट्या निघाल्या आणि ९४ दिवसांत सुमारे १,७७० किमी चालल्या. आईचा विचार करायला, रडायला निवांतपणा मिळेल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात दिवस जायचा तो पाणी, पाय आणि पाठीवरचं ओझं यांतच. आमच्या मते गुण आला तो त्यानेच. तोही सावकाश: पुस्तक यायला २०१२ उजाडलं.

निघायच्या दिवशी भरलेली बॅग त्यांना जमिनीवरून उचलता येईना. खाली बसून पट्टे अडकवले आणि गुडघ्यांवर येत कशाबशा उभ्या राहिल्या. पुढे एका जाणत्या भटक्याने ती बॅग उपसली, तर आतून घडीची करवत आणि दुर्बीणही निघाली. अन्नपाण्यासकट ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे धरूनच हिशेब करावा. बॅगेचा कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे, नाहीतर सगळा भार खांद्यांवर येतो.

बुटांचं तर विचारूच नका. लहान मापाच्या बुटांपायी त्यांची सहा नखं गेली. रोज मैलोन्‌मैल चालून पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आदळत राहतात; नखाखाली रक्त साकळतं ते त्यामुळे. बूट संध्याकाळी, चालतानाचेच मोजे घालून घ्यावेत. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतार लागण्याआधी बुटाची घोट्याजवळची नाडी आवळावी. कातडी चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत वाट पाहू नये.

स्टोव्हचंही तसंच. त्याला शुद्ध केलेलं ‘व्हाइट गॅस’ इंधन लागायचं, त्यांनी भरलं पंपावरचं पेट्रोल. स्टोव्ह चोंदला आणि जेवण थंडच गिळावं लागलं. नवा स्टोव्ह घरच्या अंगणात दोनदा पेटवून पाहिल्याशिवाय बॅगेत घालू नये.

नर्मदा परिक्रमेत सदावर्त मिळतं, कुणीतरी ओसरी देतं. शेरिल यांच्या वाटेवर ते गृहीत धरता येत नाही. तिथे अनेक जण शिध्याची खोकी वाटेतल्या टपाल कार्यालयांत आधीच पाठवून ठेवतात. त्या वर्षी वाटेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत बर्फ फार होतं, म्हणून शेरिल तो टप्पा सोडून बसने पुढे गेल्या. आम्हाला त्यांचा हा निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. माघार घेता येईल अशा जागा निघण्याआधीच नकाशावर खुणावून ठेवाव्यात.

आणि मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करून कुणी निघू नये. गोळ्या दोन-तीन दिवसांच्या जादा घ्याव्यात, त्याही न भिजणाऱ्या पिशवीत, अंगाजवळ.

आपले,
लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाची आखणी करणारे काही वाचक, पुणे