‘संस्थापक’ हा रकाना आधी खोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या प्रकल्पवहीत आणि वृत्तपत्रांच्या विद्यार्थी पुरवण्यांत ‘जगातील प्रमुख धर्म’ हा तक्ता बहुधा त्याच चार रकान्यांचा असतो : संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. त्यात कुणाची निंदा नसते, कुणाची स्तुतीही नसते, म्हणून तो तटस्थ समजला जातो. पण गोची रकान्यांतच आहे.

हिंदू धर्मापुढे संस्थापकाची जागा रिकामी राहते आणि मुलाला वाटते, काहीतरी लिहायचे राहिले. जैन धर्मापुढे महावीर लिहितात. जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर, पहिले ऋषभदेव. इस्लामपुढे मुहंमद पैगंबर लिहितात. मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार ते अखेरचे पैगंबर, पहिले आदम. तेव्हा हा रकाना सरळ खोडावा.

ग्रंथाचा रकाना याहून फसवा. बायबल म्हणजे नेमके कोणते? प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिकांच्या ७३. जैनांतले श्वेतांबर मूर्तिपूजक ४५ आगम (म्हणजे धर्मग्रंथ) मानतात, स्थानकवासी ३२, तर दिगंबरांच्या मते मूळ आगम लुप्तच झाले. शिखांसाठी गुरू ग्रंथ साहिब १७०८पासून साक्षात गुरू आहे. त्याला नुसते पुस्तक म्हणून कसे नोंदवणार? आणि कुराणासमोर बायबल ठेवून आपण जोडी जुळवली असे समजतो, तीही घाईच. मुस्लिमांसाठी ईश्वराचा शब्द म्हणजे कुराण. ख्रिस्ती श्रद्धेत तो शब्द देहधारी झाला, म्हणजे स्वतः येशू. जोडी लावायचीच तर कुराण आणि येशू अशी लागते.

त्यापेक्षा एकच आचार घ्यावा आणि प्रत्येक परंपरेला तेच प्रश्न विचारावेत : काय वर्ज्य, किती वेळ, कुणाला सूट, मोडला तर काय. उपवास घेऊन पाहा. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. आजारी आणि प्रवासी यांना सूट, सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे. ज्यूंचा योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपवास, सुमारे २५ तासांचा, तोही निर्जळ. मात्र जिवाला धोका असेल तर खाणे हेच कर्तव्य. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवास बंधनकारक, १८ ते ५९ वयात, आणि त्यातही एक पूर्ण जेवण चालते. जैन उपवास सुमारे ३६ तासांचा. पाणी उकळलेले, तेही सूर्यास्तापूर्वीच. आपली एकादशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाट्यावर निभावते. (साबुदाण्याचा कंद, भुईमूग, बटाटा, तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. शिवाय कर्मठ जैन तो बटाटा एरवीही खाणार नाही.) ‘उपवास’ या एकाच शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत, हे इथे मुलाला आपोआप दिसते.

शीख आणि पारशी धर्मांत अन्नत्यागाला पुण्य मानत नाहीत. तिथे जागा कोरी सोडू नये, ‘नाही’ असे लिहावे. पारशी महिन्यातले बहमन, मोहोर, गोश आणि राम हे चार दिवस मांस टाळतात, ते वेगळे नोंदवावे.

ग्रंथातला नियम आणि लोकांचा व्यवहार यांच्या ओळी स्वतंत्र हव्यात. सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो : आपल्या धर्माचा श्लोक घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या धर्माची बातमी. शेवटी प्रत्येक नोंद त्या धर्माच्या किमान दोन व्यक्तींना, शक्यतो वेगवेगळ्या पंथांच्या, वाचून दाखवावी. त्यांनी ‘हे आम्ही असे मानत नाही’ म्हटले तर वर्णन बदलावे. दोघांत मतभेद निघाला तर दोन्ही मते नोंदवावीत. बौद्ध धर्माची नोंद करताना तर महाराष्ट्रात हे टाळताच येणार नाही : श्रीलंकेतल्या थेरवाद या बौद्ध पंथावरून लिहिलेल्या नोंदीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या दीक्षेच्या २२ प्रतिज्ञा सापडत नाहीत.

आपले,
तौलनिक धर्माभ्यासाचे दोन शिक्षक, पुणे