टपावरचा तंबू

घोडबंदर रोड, ठाणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या टपावरच्या तंबूचं अखेर ठरलं. दोन वर्षं तुझं डोकं खाल्लं, म्हणून पहिलं पत्र तुलाच. माझी सुरुवातच चुकली होती बघ. आत किती माणसं मावतात हे मी पाहत बसलो. पाहायला हवं होतं गाडीचा टप किती वजन पेलतो ते.

नवी मुंबईतल्या एका दुकानात मला सांगितलं, "साहेब, ३०० किलो आरामात." मी आगाऊ रक्कम द्यायला निघालोच होतो. घरी येऊन गाडीचं मॅन्युअल उघडलं, तर टपासाठी मर्यादा ७५ किलो! आकडे दोन्ही खरे, पण ३०० हा तंबूचा, तोही गाडी उभी असतानाचा. ७५ चालत्या गाडीचा. उभ्या गाडीत वजन खांबांवरून सरळ खाली उतरतं, म्हणून वर माणसं झोपली तरी चालतं. चालताना मात्र प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक त्या वजनाला हिसका देतो, आणि वर वजन असलं की वळणावर गाडी जास्त कलते. घोडबंदरचे खड्डे आणि माळशेजची वळणं तुला मी काय सांगू! शिवाय त्या ७५ मध्ये टपावरच्या आडव्या दांड्याही धरायच्या. माझ्या दांड्या ६ किलोंच्या, म्हणजे तंबूला उरले ६९. ज्या मोठ्या घडीच्या तंबूवर माझा जीव जडला होता, तो ७२ किलोंचा निघाला. तीन किलोंसाठी फार वाईट वाटलं. पण पोरगी मागच्या सीटवर बसलेली असताना ती मर्यादा ओलांडायची माझी तयारी नाही.

मग पार्किंग. आमच्या पोडियमच्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंग मजल्याच्या, तोंडाशी २.१ मीटर उंचीच्या मर्यादेची पाटी आहे. रात्री वॉचमनकाकांना टेपचं एक टोक धरायला लावून मोजलं. गाडी १.६९, दांड्या धरून १.७९. मिटलेला कापडी तंबू ३२ सेंटिमीटर, म्हणजे २.११. अडकलाच असता! कडक कवचाचा २० सेंटिमीटर, तो निवांत आत जातो. तोच घेतोय: ५८ किलो, रुंदी १३० सेंटिमीटर, एका बाजूने उचलला जाणारा. वारा आला की उतरती बाजू वाऱ्याकडे करायची. दोघं आणि मध्ये लेक, दाटीवाटीने मावू.

आई वर झोपणार नाही. दुकानात ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "चढेन रे, पण रात्री उठायचं झालं तर?" गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय तिचं. तिच्यासाठी जमिनीवरचा साधा तंबू आणि चांगली जाड गादी नेणार आहे. ती आल्याशिवाय मला जायचंच नाही.

राहिला पाऊस. खरा प्रश्न तोच, आणि तो दुकानात कोणी काढतच नाही. ओला तंबू मिटून दोन-तीन दिवस ठेवला की कापडाला बुरशी धरते, आणि तो वास मग जात नाही. कोरड्या रात्रीसुद्धा आपल्याच श्वासाने गादीखाली दमट होतं, म्हणून खाली जाळीदार चटई घालायची आणि झोपताना खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. पण जून ते सप्टेंबर फ्लॅटमध्ये ५८ किलोंचं हे धूड ठेवू कुठे? गच्चीला सोसायटीने कुलूप लावलंय, आणि चार महिने ते उगाच टपावर वागवत पेट्रोल जाळायचं मला पटत नाही.

म्हणून तुझी टोकावड्याची पडवी आठवली. कोरडी आहे, आणि उतरवायला तू, मी आणि तुझा धाकटा असे तिघं पुरेसे आहोत. जमिनीपासून वर, दोन फळ्यांवर ठेवू. उंदरांचं तेवढं तू बघ. पावसाळा सोडून तो तुझाही. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला टपाचा आकडा आधी वाच मात्र.

पडवीची लांबी मोजून कळव. मिटलेला तंबू २१५ सेंटिमीटर लांब आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
ठाणेकर