स्ट्रिपच्या मागचं वाच

चिनू,

काल फोन मी आपटला, तू नाही, हे आधी लिहून टाकते. पण तापाच्या गोळ्यांचं विचारलं तर "आई, मी गूगल केलंय, चिल" म्हणालास ना, तिथे माझं डोकंच सटकलं. सव्वीस वर्षं काउंटरवर उभी राहून औषधं देतेय मी आणि पोटचा पोरगा मला चिल म्हणतो. असो. ओरडायला लिहीत नाहीये.

फोन ठेवला आणि एका पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. तापासाठी 650 ची पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा, झाले 2600 मिलीग्रॅम. वर रूममेटने दिलेली ती "साधी" सर्दीची गोळी तीनदा. अशा बऱ्याच गोळ्यांत 500 पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे आणखी 1500. बेरीज 4100. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 ही वरची हद्द. शंभरने आभाळ कोसळत नाही हे मलाही कळतं रे, पण तीन दिवस, आणि तेही धड जेवत नसताना?

जेवणाचं उगाच काढत नाहीये. यकृत बहुतेक पॅरासिटामॉल निमूट बांधून लघवीवाटे बाहेर काढतं, पण थोडा भाग दुसऱ्या वाटेने जातो आणि त्याचं विष बनतं, मग ग्लुटाथायोन नावाचा आपल्याच शरीरातला पदार्थ ते तिथल्या तिथे निकामी करतो. उपाशी माणसाचा हा साठा आधीच कमी, तो संपत आला की विष थेट यकृताच्या पेशींना भिडतं. आणि पहिल्या दिवशी काही कळतही नाही, फार तर मळमळ. लागलंय ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण ओव्हरडोसनंतर आठ तासांच्या आत दिला तर उत्तम, आणि उशीर झाला की... बघ, घाबरवणार नाही असं ठरवून बसले होते.

आणि दिवसभर झोप येतेय, अशक्तपणा आलाय म्हणालास, ते सगळं तापाचं नसणार. त्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन असेल तर ते मेंदूपर्यंत पोचतं, पोरगं पेंगणारच. गाडी चालवू नकोस प्लीज. आणि परवा त्या पार्टीत काय प्यायलास ते मी विचारत नाहीये. डॉक्टर विचारतील, त्यांना खरं सांग.

तुला आठवतंय का, पहिलीत असशील, डोकं दुखत होतं आणि मी अर्धी गोळी दिली तर हातात धरून विचारलंस, "हिला कसं कळणार माझं डोकं कुठंय?" मी काउंटरवर जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या पोराने काय विचारलं बघा म्हणून. कळत नाही हेच उत्तर आहे. गोळीला डोकंही कळत नाही न् गुडघाही. पोटातून आतड्यात, तिथून यकृतात, यकृताच्या तावडीतून जेवढी सुटली तेवढी रक्तात आणि मग सगळीकडे. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या पदार्थाला अडवून दुखणं थांबवते, तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं. दुखणं एकीकडे थांबतं आणि भलतीकडे काहीतरी उसवतं.

आजीचं तेच झालं. तू लहान होतास म्हणून तुला कुणी नीट सांगितलं नाही. गुडघ्यासाठी रोज एक गोळी घेत होती, शेजारणीने दिलेली, कितीतरी महिने. स्ट्रिप कात्रीने कापून कापून आणायची, शेवटी डब्यात नुसते तुकडे, कशावर नाव नाही, कशावर एक्सपायरी नाही, एकावर फक्त "फेन" एवढंच उरलेलं. शौचाला काळी होतेय हे तिने लाजेने सांगितलं नाही. पोटात रक्तस्राव. अनोळखी माणसाला मी रोज विचारते, अजून काय काय चालू आहे तुम्हाला? घरात विचारलं नाही. बाबा कधीच काही बोलले नाहीत त्यावरून, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून काल ओरडले. तुला उगाच वाटलं असेल मी तुला मूर्ख समजते. तसं काही नाही, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस आणि तीच भीती वाटते, हुशार माणसं स्वतःच ठरवतात.

सर्दीची गोळी आजपासून बंद. चौथा दिवस आहे तापाचा, आजच डॉक्टरकडे जा, दोन्ही स्ट्रिपा सोबत ने, किती गोळ्या कधी घेतल्या ते मोजून सांग, आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करायची का ते विचार. ताप मला आकड्यात कळव, "बरंय" असं नको.

आई

ता.क. स्ट्रिपचा फोटो मागच्या बाजूने काढ. पुढे नुसतं मोठ्या अक्षरात नाव असतं, आत काय आहे ते मागे बारीक लिहिलेलं असतं. आणि कापलेली असेल तर दुसरा तुकडा शोध.