मालकी मान्य, अडवणूक नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बड्या तंत्रज्ञान कंपनीवर स्पर्धा कायद्याखाली कारवाई झाली, की ‘संशोधन करणाऱ्यालाच शिक्षा’ अशी ओरड सुरू होते. पेटंट कंपनीचे, कॉपीराइट कंपनीचा, मग वापराचा परवाना कुणाला द्यायचा हे तीच ठरवणार, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद कोर्टात करून झाला आहे आणि तो टिकलेला नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्याला सरळ उत्तर दिले: बेसबॉलची बॅट आपल्या मालकीची आहे, म्हणून तिच्या वापराने कुणाचे नुकसान झाले तर जबाबदारी टळत नाही.

आयर्लंडमधले ‘मॅगिल’ प्रकरण मला अधिक बोलके वाटते. तिथे प्रत्येक दूरचित्रवाणी संस्था फक्त स्वतःच्या कार्यक्रमांचे साप्ताहिक छापायची. आठवडाभर कुठे काय लागणार हे कळायला प्रेक्षकाने तीन अंक विकत घ्यायचे! मॅगिल या प्रकाशकाने सगळे एकाच अंकात दिले, तर संस्थांनी वेळापत्रकावर कॉपीराइट सांगून तो अंक कोर्टाकरवी थांबवला. १९९५ साली युरोपीय न्यायालयाने संस्थांविरुद्ध निकाल दिला. लोकांना हवी असलेली वस्तू त्या स्वतः काढत नव्हत्या, दुसऱ्यालाही काढू देत नव्हत्या, आणि वेळापत्रक त्यांच्याखेरीज कुणाकडे मिळणार नव्हते.

संगणकाच्या जगात हेच घडले. आपण ऑफिसात पासवर्ड टाकतो, सर्व्हरवरची फाइल उघडतो, प्रिंट देतो. प्रत्येक वेळी समोरचा संगणक सर्व्हरशी ठरावीक भाषेत बोलतो. त्या भाषेचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. बहुतेक टेबलांवर विंडोज असेल आणि तिची भाषाच नीट बोलता येत नसेल, तर दुसऱ्याचा सर्व्हर कितीही सरस असो, तो घेणार कोण? सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने याबद्दल १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड ठोठावला आणि प्रोटोकॉलची माहिती देण्याचा आदेश दिला. सोर्स कोड, म्हणजे विंडोजचा मूळ प्रोग्रॅम, मागितलाच नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. २००७ मध्ये न्यायालयाने निर्णय उचलून धरला, आणि त्याच वर्षअखेरीस ‘सांबा’ हे दुसऱ्या सर्व्हरला विंडोजशी बोलू देणारे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना १०,००० युरो एकरकमी भरून कागदपत्रे मिळाली. तक्रारीपासून नऊ वर्षे! या धंद्यात एवढ्या काळात बाजार पार पालटतो. माहितीसाठी आधी अवाजवी शुल्क मागितल्याबद्दल २००८ मध्ये आणखी ८९.९ कोटी युरोंचा दंड झाला; तो पुढे ८६ कोटींवर आला.

परवान्याला दिलेला प्रत्येक नकार म्हणजे बाजारातल्या ताकदीचा गैरवापर, असे मी म्हणत नाही. युरोपीय न्यायालयांनीही अपवादात्मक परिस्थितीतच परवाना देणे भाग पाडले आहे, आणि ते योग्य आहे. उद्योगमानकात गेलेल्या, म्हणजे सगळ्यांना वापरावेच लागणाऱ्या, पेटंटबाबत हुआवे आणि झेडटीई या कंपन्यांच्या वादातल्या २०१५ च्या निकालाने दोघांनाही बांधून घेतले: वाजवी अटींचे वचन दिलेल्या पेटंटधारकाने मनाई हुकूम मागण्याआधी सूचना देऊन लेखी देकार द्यावा, आणि वापरणाऱ्याने चालढकल न करता उत्तर द्यावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अशा निकालांच्या बातमीत दंडाचा आकडा मथळ्यात असतोच. सोबत तक्रार कोणत्या साली झाली आणि नेमकी कोणती माहिती अडवून ठेवली होती, हेही छापावे.

आपली,
एक नियमित वाचक